न धावलेला टायर



"बाई, गाडीवाल्या आजोबांच्या लाल गाडीचं पुढे काय झालं? तुम्ही सांगते म्हणालात आणि विसरलात!" असं खरमरीत पत्र मला गेल्या आठवड्यात आलं. विसरले नव्हते हो. जरा कचरत होते, एवढंच. कारण त्या गाडीपायी आजोबा आणि मी तब्बल नऊ दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. मोठी माणसंसुद्धा कट्टी घेतात, बरं का! आता आमची बट्टी झाली आहे, तेव्हा सगळं सांगायला हरकत नाही.

जे दोस्त या पानावर नवीन आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागचं. आमचं खडवली म्हणजे कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग येणारं स्टेशन. भातसा नदीच्या काठचं गाव. स्टेशनापासून शाळेकडे येताना वाटेत एक पत्र्याची शेड लागते. तिथे गाडीवाले आजोबा राहतात. वय सत्त्याहत्तर. सगळं आयुष्य मुंबईत गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणून गेलेलं. आणि शेडमध्ये आहे त्यांची गाडी : लालभडक, बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी. पुढची काच आडवी झोपवता येते आणि दारं आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या उलट बाजूला उघडतात. नाकावर अष्टकोनी बिल्ला आणि त्यात दोन अक्षरं, एमजी.

"हां, आमच्या सोसायटीत आहे एमजी!" असं तुमच्यातले काही जण म्हणतील. ती नवी. बिल्ला तोच, पण ही तिची पणजी समजा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावात यांचा कारखाना होता. तिथे १९४९ ते १९५३ या काळात 'टीडी' नावाची ही स्पोर्ट्स कार तयार झाली, जवळजवळ तीस हजार. इंजिन साडेबाराशे सीसीचं. आजच्या हिशेबात तिचा वेग काही फार नाही, पण त्या काळी वळणावळणाच्या रस्त्यावर ती चालवायला मिळणं म्हणजे चैन होती. आजोबांच्या शेठजींकडे ही गाडी होती. २००१ साली शेठजी कायमचे मुलीकडे परदेशी गेले आणि जाताना गाडीची किल्ली आजोबांच्या हातात ठेवून म्हणाले, "विकू नकोस. सांभाळ." आजोबांनी विकली नाही. पण गाडीला लागणारे भाग मिळेनात, मिळाले तर परवडेनात. गाडी शेडमध्ये उभीच राहिली. निवृत्तीनंतर आजोबांनी एकेक स्क्रू खोलून ती पुन्हा जुळवली. गेल्या दिवाळीत इंजिन सुरू झालं, तेव्हा आमची चौथीची पोरं शेडच्या दाराशी टाळ्या पिटत होती.

त्याच आनंदात आजोबांनी शब्द देऊन टाकला : "२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की चौथीच्या एकेका मुलाला शेजारी बसवून नदीपर्यंत चक्कर! आणि मग मी गाडी घेऊन निघणार मुंबईला, जुन्या गाड्यांच्या फेरीत!" तुमच्यापैकी मुंबईच्या दोस्तांनी ती फेरी पाहिली असेल. फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलला या म्हाताऱ्या गाड्या नटूनथटून जमतात आणि रांगेने निघतात. खडवलीहून तिथे जायचं म्हणजे पडघ्याच्या बाजूने नाशिकचा महामार्ग धरायचा. मालाचे मोठमोठे ट्रक तिथून धडधडत असतात, त्यांच्यामधून ही बुटकी गाडी जाणार.

मुलं रोज शाळा सुटली की गाडी पुसायला जायची. एक दिवस आमची एक मुलगी (नाव छापू नका, असं तिने बजावलं आहे) टायर पुसता पुसता गाडीखाली सरपटली आणि ओरडली, "बाई, इथे आतल्या बाजूला नंबर आहे! चार, एक, आठ. आणि पुढे बारकासा त्रिकोण."

इथे जरा थांबू या. टायरच्या गालावर बरंच काही लिहिलेलं असतं, तुम्ही नीट वाचलंय कधी? त्यात डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी आकडे असतात. ती टायरची जन्मतारीख. २००० सालापासून हे आकडे चार असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. पण २००० च्या आधी आकडे तीनच असत. आठवड्याचे दोन आणि वर्षाचा फक्त शेवटचा एक! आता ४१८ म्हणजे एकेचाळिसावा आठवडा आणि आठने संपणारं साल. कुठलं? १९७८? १९८८? १९९८? हा घोळ टाळायला १९९० नंतरच्या दहा वर्षांत बऱ्याच कंपन्या आकड्यांपुढे छोटा त्रिकोण काढू लागल्या. आमच्या मुलीने तो त्रिकोणसुद्धा टिपला, म्हणून उत्तर मिळालं : १९९८, ऑक्टोबरचा सुमार. तेव्हा मी स्वतः चौथीत होते!

आजोबा मात्र खूश. "बरोब्बर! ९८ सालीच शेठजींनी इंग्लंडहून पाच टायर मागवले होते. चार गाडीला, पाचवी मागे स्टेपनी. त्याआधी आम्ही काय करायचो, तर ॲम्बेसिडरचे टायर चढवायचो. रिम पंधरा इंचीच, बसायचे. पण हे टायर खास! दोन-तीनदा फिरलो असू, बस. आणि स्टेपनीने तर रस्ता पाहिलेलाच नाही. बघा, नक्षी बघा, पूर्ण!"

नक्षी खरोखरच पूर्ण होती. आपल्या नियमाप्रमाणे गाडीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. पावसात रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाजूला फेकलं जातं. टायर झिजून गोटा झाला की पाणी जायला वाट राहत नाही आणि गाडी पाण्यावरून घसरते. या टायरांच्या खाचा तर चांगल्या सात-आठ मिलिमीटर होत्या. वर आजोबांनी त्यांना काळं पॉलिश मारलेलं. कुणीही म्हणेल, नवेकोरे!

पण मुलगी गाडीखालून बाहेर येईना. "बाई, खाचेच्या तळाशी भेगा आहेत. आमच्या ओसरीवरच्या जुन्या चपलेला पडल्यात ना, तश्शा."

आजोबांनी हसून उडवून लावलं. "अगं, न धावलेला टायर म्हातारा कसा होईल?"

प्रश्न मोठा छान आहे. तुम्ही एक करून बघा. घरात डबा बांधायला वापरतात तो रबरबँड घ्या आणि खिडकीच्या गजाला थोडा ताणून, उन्हात लावून ठेवा. दुसरा तसाच कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. उन्हातल्यावर कुणी काही बांधलं नाही, तो कुणी वापरला नाही. पण काही आठवड्यांनी दोन्ही ओढून बघा, म्हणजे कळेल. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उकाडा, हे सगळे रबराला हळूहळू खात असतात. रबर कडक होतं, चिवटपणा जातो आणि ताण पडेल तिथे बारीक भेगा पडतात.

टायर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून ते रबरात काजळी घालतात (टायर काळा असतो तो तिच्यामुळे. झाडाच्या चिकापासून केलेलं रबर मुळात पांढुरकं-पिवळसर असतं) आणि एक प्रकारचं मेणही घालतात. टायर फिरतो, दबतो, फुगतो, तसं ते मेण पृष्ठभागावर झिरपत राहतं आणि पातळ साय धरल्यासारखं रबराचं रक्षण करतं. आता आलं लक्षात? टायर फिरलाच नाही तर मेण नीट वर येत नाही! उभ्या गाडीचा टायर म्हणजे काही फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध नव्हे. उलट वर्षानुवर्षं तोच भाग जमिनीला टेकलेला आणि सगळं वजन त्याच जागी. स्टेपनीचं तर आणखी वाईट. टीडी गाडीची स्टेपनी पाठीमागे, उघड्यावर, पेट्रोलच्या टाकीला पाठ लावून उभी असते. आजोबा गाडी कितीतरी वर्षं रोज सकाळी शेडच्या दारात पाठमोरी उभी करून ठेवत होते. कोवळं ऊन मिळावं म्हणून!

(स्टेपनी हा शब्द कुठून आला, माहीत आहे? वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवणारी कंपनी निघाली. त्या देशात हा शब्द लोक कधीच विसरले, पण आपल्याकडचा प्रत्येक रिक्षावाला रोज वापरतो!)

बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली दिसो, बदला. हे उगाच नव्हे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवाहून परत येणारी बस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तीन जणांचा जीव गेला. पुढचा टायर फुटला होता. त्याची नक्षी ठीक होती. पण तो एकोणीस वर्षांहून जुना होता. त्यात मुलगा गमावलेल्या एका आईने वर्षानुवर्षं झगडून सरकारला नियम करायला लावला. २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर चालत नाही.

हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर यायचं ते एकच : चौथीतलं एकेक पोर त्या लाल गाडीत बसलेलं. पट्टा नाही, वर छप्पर नाही, दार माझ्या कमरेएवढं आणि खाली सव्वीस-सत्तावीस वर्षांचे टायर. दुसऱ्या दिवशी मी आजोबांना सांगून टाकलं, "मुलांना या टायरांवर बसवणार नाही. आणि तुम्हीही महामार्गावर जाऊ नका."

आजोबांचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "पन्नास वर्षं गाड्या केल्या मी! तुम्ही मला टायर शिकवता? शेठजींची शेवटची वस्तू आहे ती." आणि त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं. तेव्हापासून नऊ दिवस कट्टी.

मुलं माझ्यावर रुसली, ते वेगळंच. "बाईंनी आमची गाडी बुडवली," असं वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं. 'बुडवली'तला पहिला उकार दीर्घ काढला होता, तो मी दुरुस्त केला आणि वाक्य तसंच राहू दिलं.

ही कोंडी फोडली माझ्या बाबांनी. बाबा रेयॉनच्या कारखान्यात सूतकताई खात्यात होते. आमच्या या कसारा लाइनीवर शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन असे दोन मोठे कारखाने उभे राहिले. नॅशनल रेयॉन, म्हणजे एनआरसी, २००९ साली बंद पडला. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. साड्या, अस्तरं तर त्याची होतातच, पण त्यातला जाड, मजबूत धागा कुठे जायचा, सांगा पाहू? टायरमध्ये! टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. रबर हवा कोंडून ठेवतं आणि रस्ता धरतं, पण गाडीचं वजन आणि हवेचा दाब सोसतात ते आतल्या धाग्यांचे थर. माझ्या वर्गातली मुलं हे ऐकून चाटच पडली. रबराच्या झाडाचा चीक, लाकडाचा धागा आणि काजळी! टायरमध्ये अर्धं जंगल निघालं की!

तर बाबा संध्याकाळी एकटेच आजोबांकडे गेले. मी दाराआड उभी होते, हे कबूल करते. बाबांनी टायरचं वय काढलंच नाही. डीओटी नाही, कंपन्यांचा सल्ला नाही, इंग्लंडची बसही नाही. त्यांनी भेगेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "मिस्त्री, याच्या गालावर रेयॉन लिहिलंय. आमचाच भाऊबंद. हा धागा कोरडा असेतो वाघ असतो हो. पण ओला झाला की निम्मा जोर जातो त्याचा. आम्ही रोज मशीनवर तपासायचो. तुमची ही भेग धाग्यापर्यंत गेली असेल आणि पावसाळ्यात पाणी आत गेलं असेल तर?"

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्टेपनी काढू."

स्टेशनजवळच्या पंक्चरवाल्या दादाने ती रिमवरून उतरवली आणि आजोबांच्या सांगण्यावरून गालाचा तुकडा कापला. आतून रबराचा पापुद्रा खरवडला तसा सुटला. खालचे धागे मजबूत असायला हवे होते. ते कुजट, चिमटीत धरून ओढले तर तुटणारे. ती स्टेपनी, जिने रस्ता पाहिला नव्हता! आजोबांनी तो तुकडा खिशात टाकला. अजूनही त्यांच्या खिशात असतो.

आता पुढचा प्रश्न. जुने काढायचे हे ठरलं. नवे कुठले घालायचे?

पंक्चरवाला दादा उत्साही. "आजोबा, पंधरा इंची रिम ना? १८५/६५ आर १५ घाला. कुठल्याही दुकानात मिळतो, स्वस्त, आणि रुंद! गाडी कशी दणकट दिसेल!" मुलांनाही ते पटलं. रुंद म्हणजे भारी, असं आपल्याला वाटतंच.

मी म्हटलं, मोजू या. जुन्या टायरवर लिहिलं होतं १६५ आर १५. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. मिलिमीटर आणि इंच एकाच ओळीत, अशी ही सगळी खिचडी! दादाच्या टायरवर मध्ये ६५ होतं. म्हणजे गालाची उंची रुंदीच्या शेकडा ६५. जुन्यावर तो आकडा नव्हताच, कारण त्या काळी ती उंची शेकडा ८० च्या आसपास धरलेलीच असे, लिहीत नसत. मग रुंद टायर उंचीला जास्त की कमी? मुलं म्हणाली जास्त. आम्ही सुतळी आणली, दोन्ही टायरांना बाहेरून गुंडाळली आणि पट्टीवर मोजली. जुना २ मीटर ४ सेंटीमीटर. नवा १ मीटर ९५! रुंद टायर बुटका निघाला.

म्हणजे एका फेरीत गाडी ९ सेंटीमीटर कमी जाणार. एक किलोमीटर जायला जुन्या चाकाला सुमारे ४९० फेऱ्या लागतात, नव्याला ५१३. पण वेगाच्या काट्याला हे कोण सांगणार? तो बिचारा चाकाच्या फेऱ्यांवरच चालतो. काटा ५० दाखवेल तेव्हा गाडी ४८ नेच जात असेल. (आजोबांच्या गाडीतला काटा मैलांचा आहे, पण हिशेब तोच.) हे गणित वर्गात घ्यायला माझे एरवी दोन तास गेले असते. सुतळीने वीस मिनिटांत झालं.

काट्याचं एक वेळ सोडा. आजोबांनी रिमची रुंदी मोजली, जेमतेम चार इंच. १८५ च्या टायरला निदान पाच इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो पोट फुगल्यासारखा होतो, कडा नीट बसत नाहीत आणि वळणावर डुगडुगतो. शिवाय या गाडीचं स्टिअरिंग हातानेच फिरवायचं, मदतीला यंत्र नाही. रुंद टायर रस्त्याला घट्ट धरतो, मग तेवढा जोर आजोबांच्या खांद्यावर येणार आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या बेअरिंगवर, सांध्यांवर येणार. त्या जोराचा विचार करून ती बनवलेलीच नाहीत.

"मग पुन्हा ॲम्बेसिडरचे घाला!" एकाने सुचवलं. ॲम्बेसिडरचा जुना माप ५.९०-१५, तो क्रॉस-प्लाय जातीचा. त्यात धागे तिरपे, एकमेकांना छेदत जातात, चटईच्या विणीसारखे. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर नक्षीखाली पट्ट्याचा थर असतो. १९४६ मध्ये मिशलॅन या फ्रेंच कंपनीने याचं पेटंट घेतलं. म्हणजे आजोबांची गाडी जन्मली तेव्हा रेडियल नुकताच रांगत होता. टीडीला मुळात क्रॉस-प्लायच असत, ५.५०-१५ मापाचे. हे टायर घसरायला लागले तरी हळूहळू घसरतात, चालवणाऱ्याला आधी कळतं. रेडियल जास्त वेळ धरून ठेवतो, ओल्या रस्त्यावर जास्त भरवशाचा, पण सुटला की पटकन सुटतो. काही हौशी लोक म्हणतात की जुन्या गाडीची खरी गंमत क्रॉस-प्लायमध्येच. असेल. पण ज्याला भर पावसाळ्यात महामार्गावरच्या ट्रकांमधून जायचंय त्याने गंमत जरा बाजूला ठेवावी, असं माझं मत. आणि ही मिसळ तर कधीच करू नये की दोन हे, दोन ते. एकाच आसावर दोन जाती म्हणजे एका बैलगाडीला एक बैल आणि एक घोडा.

शेवटी ठरलं : तोच, १६५ आर १५, पाचही एकदम. आत ट्यूब हवीच, कारण बिनट्यूबच्या टायरची कड जागेवर अडकून राहावी म्हणून आजच्या रिमला जो उंचवटा असतो, तो या जुन्या रिमला नाही. वजनाचा आकडा ८६, म्हणजे एका टायरने ५३० किलो उचलावं. चार गुणिले ५३०, मुलांनी लगेच केलं : २१२०. गाडी सुमारे ९०० किलोची, त्यात आजोबा आणि एक पाहुणा. भरपूर झालं.

पण मिळणार कुठे? हे माप आता रोजच्या गाड्यांचं राहिलेलं नाही. जगात थोड्या कंपन्या जुन्या गाड्यांसाठी जुन्या नक्षीचे टायर मुद्दाम बनवतात. अमेरिकेत कोकर आहे. नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन आहे, 'स्प्रिंट क्लासिक' त्यांचाच. आणि गंमत म्हणजे ही व्रेडेस्टाइन २००९ साली आपल्या अपोलो टायर्सने विकत घेतली! एके काळी शेठजींनी इंग्लंडहून बोटीने टायर मागवले, आज ते बनवणाऱ्यांमध्ये एका भारतीय मालकाची कंपनी आहे. तरी ते आणणं सोपं नाही. २०२० साली केंद्र सरकारने परदेशी टायरच्या आयातीवर बंधनं घातली, त्यामुळे परवाना असलेला व्यापारी शोधावा लागला. पाच टायरांची किंमत ऐकल्यावर आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. म्हणाले, "दोन महिने लागतील जमवायला."

आई-बाबांना एक विनंती. ही गोष्ट वाचून झाली की खाली जाऊन आपल्या गाडीचे, स्कूटरचे आणि मुलं रोज जातात त्या व्हॅनचे आकडे वाचा. आकडे एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर आतल्या बाजूने बघा. मुलांना सोबत न्या, ती गाडीखाली आपल्यापेक्षा चटकन शिरतात. मात्र गाडी बंद, सपाट जागेवर आणि हँडब्रेक ओढलेला हवा. आणि स्टेपनी विसरू नका! आमच्या शाळेच्या एका व्हॅनची स्टेपनी व्हॅनपेक्षा सहा वर्षांनी मोठी निघाली. काकांनी ती त्याच आठवड्यात बदलली.

२६ जानेवारीला काय झालं, ते सांगायचं राहिलंच. आजोबांनी गाडी चार दगडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढलेली. झेंडावंदनानंतर चौथीची सगळी मुलं रांगेने एकेक करून शेजारी बसली. आजोबांनी गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन सुरू केलं, हॉर्न दिला, आणि प्रत्येकाला दोन मिनिटं नदीपर्यंतची वाट तोंडाने सांगितली : आता स्टेशन मागे पडलं, आता चिंचेचं झाड, आता उतार, धर घट्ट! एकजण उतरल्यावर म्हणाला, "बाई, वारा लागला."

परवा मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. टायर आलेत म्हणाला. मी आणि ती मुलगी शेडमध्येच होतो. आजोबांनी किंमत विचारली नाही, कधी देणार तेही विचारलं नाही. चष्मा लावला, वही पुढे ओढली आणि म्हणाले, "हां. पाचही टायरांचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवा बघू. सावकाश. इथे एक बाई लिहून घेतायत." ती बाई म्हणजे मी नव्हे. पेन्सिल तिच्याच हातात होती.